शीबा मिसच्या गळ्यातला माईक

काय सांगू, शिकलेली बाई आहे हो मी! पण त्या दिवशी शाळेत माझं एकही शिक्षण कामाला आलं नाही.

माझी रेवा सहा वर्षांची. तिला ऐकू येत नाही. कानाला मशीन लावलं की येतं. तिच्या शीबा मिस, केरळच्या, वर्गात गळ्यात छोटा माईक घालतात. त्या बोलतात ते थेट मुलांच्या मशीनमध्ये. मध्ये भिंत असली तरी! हे मला पक्कं माहीत होतं. आधीच कबूल करते, म्हणजे नंतर उगाच दया नको.

आमच्या वसाहतीतून, डिस्कव्हरी गार्डन्समधून, शाळेसाठी कारपूल असतं. त्या सकाळी गाडीत स्नेहलताई म्हणाल्या, "अगं, ऐकलंस का? मिसना दुसऱ्या शाळेतून बोलावणं आलंय. काम निम्मं. कोण नाही म्हणेल?"

रेवा बोलायला लागली ती मिसमुळे. त्या गेल्या तर?

शाळेत पोचताच मिसना बाहेर बोलावलं, वर्गाचं दार लावलं. त्यांचा हात गळ्याकडे निघाला होता, तो मी मध्येच पकडला. दोन्ही हात पकडले! आणि इंग्लिशमध्ये सुरू. तेही घरच्या सवयीनं: सावकाश, स्पष्ट, छोटी छोटी वाक्यं.

"मिस, जाऊ नका. एवढा धीर आणता कुठून? मला एक मूल आवरत नाही. मी बाथरूममध्ये लपून चॉकलेट खाते!"

"रेवाची मम्मा, एक मिनिट..."

"रोज खाते, मिस!"

दार उघडलं. अख्खा वर्ग दारात! दोन मुलींनी येऊन मिसचा कुर्ता घट्ट धरला. आणि आमची रेवा, कमरेवर हात ठेवून: "मम्मा! यू ईट चॉकलेट? एव्हरी डे?"

मी खलास.

मिसचे मात्र डोळे भरलेले आणि हसू आवरेना. "चेहरा न बघता, नुसतं ऐकून समजायचं. वर्षभर हेच शिकवतेय मी. आज सगळ्यांना समजलं!"

"मग... जाणार नाही ना?"

"हे सोडून कुठे जाऊ? त्या शाळेला मी कालच 'नाही' म्हणून कळवलंय."

म्हणजे? माझं सगळं भाषण फुकट!

संध्याकाळी जिवाला जरा शांतता हवी म्हणून बाथरूमची कडी लावली. चॉकलेटचा कागद अगदी हळूच सोलला.

दारावर टकटक.

"मम्मा, आय कॅन हिअर द रॅपर!"

आणि हिला असं ऐकायला शिकवणाऱ्या बाईला थांबवायला मी हातापाया पडले होते!