वाळूच्या पेटीपाशी

अल्लाहपर्यंत आपली हाक पोहोचते का, अशी शंका कधी मनालाही शिवू नये अशा घरात मी वाढले. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात दिवस उजाडायचा तोच आईच्या दुआने. तरी इथे सौदीत, राबिघला आल्यावर मला ती शंका आली. मदिनेहून जियारत करून, नबींच्या मशिदीला भेट देऊन परतताना, दिवस मावळता मगरिबच्या सुमारास, आमच्या गाडीसमोर उंट आला. ह्यांचा पाय मोडला, कपाळ फुटलं. मागे बसलेल्या आमच्या सहा वर्षांच्या झैनबला ओरखडाही उठला नाही, पण त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. नबींच्या दारातून परतणाऱ्यांवरच हे का, असं मी नमाज झाल्यावर मुसल्ल्यावर बसून विचारायचे.

मुलांच्या मनाचे डॉक्टर जेद्दाला होते, पण लेक गाडीत पाऊल ठेवायला तयार नव्हती. एका शुक्रवारी असरच्या नमाजनंतर मी तिला चालतच समुद्रावर नेलं. तिथे ती खेळण्यातली गाडी वाळूत पुरायची, उकरायची, पुन्हा पुरायची. मला राहवेना. "झैनब, काय करतेस? बोल ना गं बाळा!" म्हणत मी तिचा हात धरला. शेजारी बसलेली एक अनोळखी बाई हळूच म्हणाली, "बहन, उसे रोकिए मत. वो बोल ही रही है."

बाई हैदराबादच्या. वाळूच्या खेळातून भेदरलेल्या मुलांवर उपचार करणं हेच त्यांचं जेद्दातलं काम. दर शुक्रवारी त्या राबिघला बहिणीकडे यायच्या, आणि बहिणीचं घर आमच्या मागच्याच गल्लीत! मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "अगले जुम्मे रेत की पेटी ले आऊँगी."

निळ्या तळाची ती लाकडी पेटी अर्धी वाळूने भरलेली होती. सोबत टोपलीभर चिमुकली माणसं, गाड्या, जनावरं. झैनबने हवं ते मांडायचं आणि मी नुसतं जवळ बसायचं. विचारायचं नाही, सुचवायचं नाही. हे मला फार जड गेलं. कितीतरी शुक्रवार ती एक उंट पुरत राहिली. मग एकदा तिने तो बाहेर काढला, फ्रॉकने पुसला, आडवा ठेवला. त्याच्या तोंडाजवळची वाळू बोटांनी बाजूला सारली, तशी खालचा निळा तळ पाण्यासारखा दिसू लागला.

"अम्मी," ती म्हणाली, "ऊंट को किसी ने पानी नहीं दिया था."

त्या संध्याकाळी आम्ही सगळे ह्यांच्याभोवती धावलो होतो. रस्त्याकडेला तडफडणारं जनावर फक्त तिने पाहिलं होतं. आणि मी मात्र रोज तिला, अब्बा आता बरे आहेत, हेच समजावत होते! मी एवढंच म्हणाले, "हो गं. कुणीच नाही दिलं." ती माझ्या मांडीत शिरून पोटभर रडली.

शब्द हळूहळू परतले. गाडीत बसायला आणखी वेळ लागला. पहिल्यांदा बसली तेव्हा ह्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवू लागले. शेवटी तीच म्हणाली, "अब्बा, यल्ला, चलो!" आम्ही दोघंही हसता हसता रडलो.

बाईंचे आभार मानले, तर म्हणाल्या, "मैं तो बहन के घर चाय पीने आती थी." त्या कशासाठीही येत असोत, त्यांना कुणी पाठवलं हे माझं मन जाणतं. पूर्वी मी दुआमध्ये काय हवं, कधी हवं, कसं हवं, सगळं अल्लाहला समजावून सांगत बसायचे. माझ्या लेकीचं दुखणं नेमकं काय आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? त्याला होतं. आता नमाज झाली की हात पसरते आणि बहुतेक वेळा काहीच न बोलता बसून राहते. फार बरं वाटतं. अल्हम्दुलिल्लाह.