हात लाव

ग्यानोबाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. एरवी तो पाचला उठे, आज नांदेडची पहिली एसटी गाठायची होती. लातूरच्या आडत बाजारात तीस वर्षं पोती वाहिली, पण स्वतःच्या दुखण्यापायी खाडा नाही. ताप येवो, खांदा सुजो, दुखणं अंगावर काढायचं आणि थप्पीवर चढायचं. घरी हे तो अभिमानानं सांगे. लेक लुंबिनी ते ऐकतच मोठी झाली.

आदल्या संध्याकाळी नांदेडहून इराचा फोन आला होता. विद्यापीठाच्या वसतिगृहात ती आणि लुंबिनी एका खोलीत राहत. "काका, तिला दोन महिने झाले धाप लागते. जिना चढताना दोनदा बसते. दवाखान्यात चल म्हणलं की परीक्षा पुढं करते."

ग्यानोबानं लगेच जोडीदार बसलिंगप्पाला उद्या येत नसल्याचं कळवलं.

"तू अन् खाडा? बाजार बंद हाय का काय?" बसलिंगप्पा हसला. कारण कळल्यावर म्हणाला, "जा गड्या. तुझी पोती मी बघतो."

वसतिगृहाच्या फाटकापर्यंत येताना लुंबिनी दोनदा थांबली. "आबा, कशाला आलात? रोज बुडाला ना."

"दवाखान्यात का गेली न्हाईस?"

"प्रॅक्टिकल होतं. मग सेमिनार. वाटलं, होईल कमी." तिनं मान खाली घातली. "दमा निघाला तर तुम्ही घरी न्याल. आत्या म्हणेल, दमेकरी पोरगी कोण करून घेणार, लग्न उरकून टाका लवकर. शिक्षण सुटेल. म्हणून अंगावर काढलं. तुम्ही न्हाई का काढत?"

रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या, ग्यानोबानं एकीलाही हात केला नाही.

"क्विंटलचं पोतं पाठीवर कसं घेतात, ठाव हाय का?"

"कसं?"

"वाकायचं अन् जोडीदाराला म्हणायचं, हात लाव. वाहायचं आपणच. पण एकट्यानं पाठीवर ओढून घेणाऱ्याला बाजारात येडा म्हणतात. मी घरी न्यायला आलो न्हाई, बाई. हात लावायला आलो."

तिसरी रिक्षा त्यानं थांबवली.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढायला लावला, नळीत फुंकायला लावलं. दमाच होता. "पंप नेमानं घेतलास तर पेपरही देशील आणि माहूरचा गडही चढशील," त्या म्हणाल्या आणि पंप कसा ओढायचा ते दाखवलं.

लुंबिनीनं ओढला. ग्यानोबा म्हणाला, "ओठ मिटले न्हाईत. पुन्हा."

"आबा!"

"काम करायचं तर नीट. पुन्हा."

तिसऱ्यांदा जमलं. डॉक्टरीणबाई हसल्या. ग्यानोबा डाव्या हाताचा जोर देऊन खुर्चीतून उठला. उजवा अंगाशीच धरलेला होता. लुंबिनीनं ते पाहिलं.

"खांदा कधीपासून दुखायलाय?"

"पोळ्यापासून. काय न्हाई, जाईल."

"आबा, म्हणा आता."

"काय म्हणू?"

"हात लाव म्हणा."

ग्यानोबानं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. ती काही हलली नाही. मग तो पुटपुटत केसपेपरच्या खिडकीपाशी गेला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

त्या आठवड्याच्या हमालीतून छातीचा फोटो निघाला, पंप आला आणि दोन केसपेपर झाले. एकावर लुंबिनीचं नाव होतं, दुसऱ्यावर ग्यानोबाचं.