रथसप्तमीपर्यंत चालते

आमच्याकडे संक्रांतीची एक मोठी सोय आहे. वर्षभरात कितीही वाजलेलं असो, धाकट्यानं थोरल्याकडे जावं, पाया पडावं, तिळगूळ द्यावा-घ्यावा. भांडण कशावरून झालं होतं, हे कुणी विचारत नाही. त्यात आणखी सोय अशी की हे सगळं रथसप्तमीपर्यंत चालतं. या दुसऱ्या सोयीनं माझं वाटोळं केलं.

मला माझ्या थोरल्या भावानं वाढवलं. वडील गेल्यावर तो महाल भागातल्या आमच्या खोलीत मागावर बसला आणि लुगडी विणून त्यानं मला मॅट्रिक केलं. पुढे मी सदर भागातल्या एका कचेरीत चिकटलो. क्वार्टर मिळालं, लग्न झालं, ताठाही आला. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. दिवाळीत शेजारीपाजारी फराळाला बसले असताना भाऊ आला. हसत हसत त्यांना सांगू लागला की याला मागावर बसवलं तर हा रोज धागे तोडायचा, म्हणून नाइलाजानं शिकवला. सगळे हसले. मला मात्र मिरची लागली. त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेलो आणि म्हणालो, "आता माह्या घरी येत नको जाऊ."

संक्रांत आली. साहेबांना तिळगूळ दिला, शेजाऱ्यांना दिला, दूधवाल्यालासुद्धा दिला. भावाकडे जायला सायकलनं अर्धा तास. बायको म्हणाली, जाऊन या. मी म्हणालो, रथसप्तमीपर्यंत चालते. मग थंडीचं निमित्त झालं, मग फायलींचं. रथसप्तमी गेली. पुढच्या वर्षीही तेच. खरं म्हणजे जायची लाज वाटत होती आणि ती लाज मी मोठेपणा म्हणून मिरवत होतो.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भाऊच कचेरीत आला. थोरला असून आला. धोतराला सुताचे तुकडे चिकटलेले, हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. नेमके तेव्हा नवे साहेब माझ्या टेबलाशी उभे होते. हे कोण, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या जुन्या गल्लीतले आहेत," मी म्हणालो.

भावानं ते ऐकलं. चेहरा जराही हलू दिला नाही. पुडी उघडून आधी साहेबांना तिळगूळ दिला, मग बाकीच्या कारकुनांना, चपराशाला, आणि शेवटी मला.

"घ्या साहेब," तो म्हणाला. मग नव्या साहेबांकडे वळून, "लहानपनापासून पाहतो मी यायले. लय हुशार."

माझं खोटं त्यानं असं झाकून घेतलं आणि तो गेला.

मी संध्याकाळी धावतच त्याच्याकडे गेलो. गच्चीगच्चीवर अजून पतंग चालू होते. मला पाहताच तो मागावरून उठला. माझ्यासाठी तो आयुष्यात कधी मागावरून उठला नव्हता. मी पाय धरले, चुकलो म्हणालो. तो म्हणाला, चालायचंच, बसा. वहिनीला चहा ठेवायला सांगितलं. त्यानं माझ्या मुस्काटात मारावी म्हणून मी वाट पाहत होतो. धागा तुटला की तो 'अबे गधड्या, डोये फुटले का बे' म्हणून माझं बकोट धरायचा. तसं काही झालं नाही. प्रकृतीची चौकशी झाली, थंडीबद्दल बोलणं झालं.

त्यानंतर दर संक्रांतीला, अगदी त्याच दिवशी, मी गेलो. अकरा वर्षं तो माझ्याशी गोडच बोलला. लोक म्हणतात, सण गोड बोलायला शिकवतो. परक्याशी गोड बोलायला काय लागतं? ज्याला शिवी देता येते तो आपला. माझ्या वाट्याची शिवी मी त्या टेबलाशी कायमची घालवली, आणि ती आता कुठूनही मिळायची नाही.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तेव्हा त्याला नीट बसताही येत नव्हतं. मी उशाशी जमिनीवर बसू लागलो. त्यानं मान वळवून वहिनीला हाक मारली.

"साहेबायले खुर्ची दे वं."