पलंगावर मांडलेला निक्केई

तीन वर्षं मी रोज पहाटे साडेपाचला जपानचा शेअर बाजार उघडायचो. म्हणजे उघडायचे तिकडचेच लोक, पण इथे नंदनवनातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या मोबाइलवर निक्केईचा, म्हणजे तिकडच्या निर्देशांकाचा, आकडा हलल्याशिवाय तो उघडला असं मी धरत नसे. त्या बाजारात माझा एक पैसाही नव्हता. माझी मुलगी तिकडे होती.

टोकियोत लिफ्टची बटणं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती इंजिनीअर आहे. जाताना विमानतळावर म्हणाली होती, "बाबा, कंपनीचं जरा बरं चाललं की सुट्टी घेऊन येते." ते वाक्य मी गाठीशी बांधून ठेवलं.

मी महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात चौतीस वर्षं काउंटरवर काढली. आमच्याकडे सुट्टीचं गणित सोपं होतं. लगीनसराईत माल उठला की मालक खूश, आणि मालक खूश असला की मागाल ती सुट्टी. माल पडून असला तर त्याच्यासमोर सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. जपानचा मालक काही वेगळ्या मातीचा नसणार, असं मी ठरवून टाकलं. तिकडची लगीनसराई कशी चालली आहे ते निक्केईवरून कळतं, असं टीव्हीवरच्या बातम्यांवरून माझं मत झालं होतं. निक्केई चढला की पोरगी घरी येणार.

त्या बाजाराची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची. तो जेवायला थांबतो. आपल्याकडचे आठ वाजले की तिकडे तासभर सगळं बंद. मुलगीही साडेआठच्या सुमारास डबा उघडायची आणि मी तेव्हाच फोन लावायचो. माझ्यापुढे तर्री-पोहे, तिच्यापुढे भात आणि मासा.

"आज चढला वं निक्केई."

"हो बाबा."

"मंग, मालक काय म्हणते?"

"काही नाही. कामात आहेत."

यापुढे आमचं बोलणं जात नसे. मग मी फोन बायकोकडे द्यायचो आणि त्या दोघी अर्धा तास हसत बसायच्या. मला त्याचा थोडा राग यायचा.

यंदा तो आकडा इतका चढला की पेपरात पहिल्या पानावर आला. मी तडक सदरला गेलो, दोन किलो संत्रा बर्फी घेतली आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटली. मुलगी मारबतीच्या मिरवणुकीला येते आहे, असं ज्याला त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मावशीकडून ही बातमी टोकियोत पोचली.

"बाबा, मी येते म्हणून कुठं म्हटलं?"

माझं डोकं फिरलं. "बाजार आभाळाले भिडून राहिला आन् तुझा मालक सुट्टी देत नाही? खोटारडा आहे तो."

ती आधी पोटभर हसली. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, निक्केईत दोनशे पंचवीस कंपन्या आहेत. आमची त्यात नाही. आमच्या कंपनीचा तर शेअरच नाही बाजारात. आन् त्या दोनशे पंचवीसमध्येही ज्याच्या शेअरची किंमत जास्त, त्याचंच वजन जास्त. कंपनी किती मोठी, ते नाही पाहत. असं समजा, साऱ्यांचा एकेक शेअर घेतला आन् किमतींची बेरीज केली. पुढं भागाकार वगैरे आहे, पण मूळ गोष्ट हीच."

एकेक नग म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. फोन ठेवला आणि बायकोचं कपाट उघडलं.

"अवो, माझ्या साड्या काहून काढून राहिले?"

"निक्केई मांडून राहिलो."

पलंगावर वीस हजारांची पैठणी ठेवली, पाच हजारांची करवतकाठी ठेवली आणि पाचपाचशेच्या चार सुती. झाली बेरीज सत्तावीस हजार. आता पैठणी दहा टक्क्यांनी महागली की बेरीज दोन हजारांनी वर. चारही सुती साड्यांच्या किमती दुप्पट केल्या, तरी वाढ तेवढीच. आणि आमच्या दुकानाचं पोट तर सुतीवर चालायचं! पैठणी महिन्यातून एखादी जायची.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. साठी ओलांडल्यावर एखादी गोष्ट मुळापासून कळण्याचं सुख काही औरच असतं. बायकोने मात्र पलंगाकडे बघून सरळ विचारलं, "मंग यात आपल्या पोरीच्या कंपनीची साडी कोणती?"

मी एकेक साडी उचलून पाहिली. तिने गॅलरीतल्या दोरीकडे बोट दाखवलं. रोजच्या वापरातली, रंग उडालेली साडी तिथे वाळत होती. "थे पाहा. कपाटातच नाही तुमच्या."

मला लाज वाटली. तीन वर्षं मी पोरीला फोन करून पैठणीची चौकशी करत होतो.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी निक्केईचं नाव काढलं नाही. म्हटलं, "तू मालकाले सुट्टी मांगितली का कधी?"

तिने डबा बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नाही बाबा. सारे काम करून राहिले असतात, मले कसंतरी वाटते. आन् तुम्ही रोज बाजाराचंच विचारता. मले वाटलं, तुम्हाले त्याचीच गोडी लागली."

"मांग. आजच मांग."

त्याच्या पुढच्या दिवशी निक्केई दणकून आपटला. आणि साडेआठला तिचा फोन आला. "दिली बाबा. दहा दिवस. पाच मिनिटांत दिली. वर मलेच विचारते, आतापर्यंत काहून नाही मांगितली?"

मी पोह्यांची प्लेट हातात घेऊन बायकोभोवती गिरकी घेतली. तर्री तिच्या साडीवर सांडली, आणि ती चक्क रागावली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं महालात गर्दीत उभे होतो. पिवळी मारबत, म्हणजे बाईचा भला थोरला पुतळा, मिरवत समोरून येत होती. वर्षभरात ज्याला जे छळतं, ते घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगायचं असतं. कोणी महागाई घेऊन जा म्हणत होतं, कोणी रस्त्यातले खड्डे. मुलगी टाचा उंचावून ओरडली, "ओव्हरटाइम घेऊन जा गे मारबत!" मग मला कोपर मारून म्हणाली, "बाबा, तुम्ही निक्केई घेऊन जा म्हणा."

मी ओरडायला तोंड उघडलं. पण आठ दिवसांनी ती परत जाणार होती. इथे साडेआठ वाजतील, तिकडे बाजार जेवायला थांबलेला असेल आणि ती डबा उघडेल.

"तो राहू दे वं," मी म्हटलं. "त्याची जेवणाची सुट्टी आपल्याले लागते."