सुलतानची दातदुखी

१४ मार्च १९९९, रविवार. सकाळी धुकं, दुपारी ३३ अंश, वाळूचा वारा. आज सुलतानचा वरचा पुढचा दात दुखला.

आता हे वाक्य मी डायरीत लिहिलं ते किती विश्वासानं, काय सांगू तुम्हाला! सुलतान म्हणजे जिराफ. चहा घ्या आधी, कारण पुढे माझी अब्रू जाणार आहे.

शारजाबाहेरच्या एका खासगी प्राणीफार्मवर मी स्टोअरकीपर होतो. काम चारा मोजायचं, पण टिपून ठेवायची खोड जुनी. जिराफांची एकच जोडी, सुलतान आणि शमा. दोन वर्षांत पिल्लू नाही. मॅनेजरनं बजावलं होतं, "जूनपर्यंत शमा गाभण राहिली नाही तर खलास! तिला दुसरीकडे पाठवणार."

शमा माझ्या हातून पाला खायची हो! जीव तुटायचा.

तर त्या रविवारी शमा लघवी करत होती. सुलताननं त्या धारेत तोंड घातलं, मान आभाळात नेली, वरचा ओठ उलटा केला आणि तसाच उभा! मी म्हटलं, खारट लागलं, दात ठणकला. दुसरं काय असणार?

राखणदार गुलखान म्हणाला, "साब, बीमार नहीं है. खूश है."

"खूश आदमी ऐसा मुँह करता है क्या?" मी त्याला गप्प केलं आणि सुलतानला वेगळ्या आवारात आरामाला बंद केलं. पूर्ण तीन दिवस!

घरी, शारजातल्या रोल्ला भागात, आलो तर बायको म्हणाली, "अहो, लवंगेचं तेल न्या की!" दुसऱ्या दिवशी पाल्याला तेल चोपडलं. सुलताननं एक घास घेतला आणि माझ्या टोपीवर शिंकला. पण गुण आला! दुखणं थांबलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा. पुन्हा बंद, पुन्हा लवंग. असं पाच वेळा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, तापमान, सगळं चोख.

मे महिन्यात मॅनेजरनं जनावरांच्या डॉक्टर लोपीसना, मूळचे वसईचे, बोलावलं. मी डायरी अभिमानानं पुढे केली. डॉक्टर वाचत गेले. मग त्यांनी चष्मा काढला.

"पाटणकर, मादी माजावर आहे का, हे नर असंच चाखून ओळखतो. ओठ उलटवून वास आत घेतो. दर पंधरा दिवसांनी तिची वेळ येते. आणि बरोब्बर त्याच वेळी तुम्ही नवऱ्याला कोंडलंत?"

"आरामासाठी..."

"पाच वेळा?"

"पण डॉक्टर, दात..."

"जिराफाला वर पुढचे दात नसतातच हो!"

मागे गुलखान कुंपणाला धरून हसत होता. मी जमिनीत जायला तयार होतो, पण वाळू तापलेली होती.

डॉक्टर मात्र पानं उलटत राहिले. "एवढ्या नेमक्या तारखा मला कुठे मिळाल्या असत्या? पुढची वेळ अठ्ठावीस मे. त्या दिवशी दोघं एकत्र, आणि तुम्ही घरी. यल्ला, चला निघा!"

२८ मे १९९९, शुक्रवार. ४१ अंश, कोरडी हवा. दिवसभर घरी. बायकोनं दोनदा विचारलं, "तेल देऊ का?"

२५ ऑगस्ट २०००, शुक्रवार. ४२ अंश, दमट. पहाटे ५.४० ला शमा व्याली. मादी पिल्लू, उंची पाच फूट दहा इंच, सव्वा तासात उभं राहिलं. डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं: लवंगी.