साच्यातले दामूतात्या

आमचे दामूतात्या आंबीला आपल्या घरी वारले. पण त्याच सकाळी ते शेजारच्या कार्ला-भाजे गावांत आणि लोणावळ्यातल्या काही बंगल्यांतही वारले, आणि ते माझ्यामुळे. ही गोष्ट आमच्याकडे सगळे हसत सांगतात. मीही हसतो. फक्त तिचा एक भाग मी इतकी वर्षे गाळत आलो आहे, आणि खरी गोष्ट तेवढीच आहे.

मळवलीजवळ आमचे घर. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मागच्या दोन खोल्या नीट करून आम्ही पाहुणे ठेवायला लागलो. लेणी बघायला आलेले पुण्या-मुंबईचे लोक आमच्या हिच्या हातची भाकरी खातात आणि खायच्या आधी तिचा फोटो काढतात. (भाकरीचा. हिचा काढला तर ही डाफरते.) आमची वेबसाइट बनवली सुनेने, सायलीने. मग शेजारच्या गावांतल्या होमस्टेवाल्यांनी तिच्याकडून आपापल्या करून घेतल्या. त्या जोरावर सायलीने हिंजवडीची नोकरी सोडली. मी तेव्हा म्हणालो होतो, "पंख्याखालची खुर्ची सोडून लोकांच्या दारावर पाट्या रंगवणार का?" ती नुसती हसली. पण मनात तिने ते धरले असावे, कारण मी धरले होते.

तिची कामाची रीत अशी की प्रत्येक साइट पहिल्यापासून बनवायची नाही. बुकिंगचे बटण, फोटोंची चौकट, दरांचा तक्ता, वरती येणारा सूचनेचा पट्टा, हे सगळे एकदाच घडवून ठेवायचे आणि ज्याची साइट असेल तिथे नेऊन बसवायचे. कंपोनंट म्हणतात त्यांना. मला काही उमजेना, तेव्हा ती स्वयंपाकघरातून मोदकाचा साचा घेऊन आली.

"साचा एकच, आबा. मोदक हवे तितके."

मला लख्ख कळले. तेवढे कळले नसते तर पुढचे टळले असते.

दामूतात्या माझे चुलत चुलते. नव्वदीच्या पुढचे. ते गेल्याचा फोन आला त्या दिवशी सायली भल्या सकाळीच लोणावळ्याला गेली होती. तिथल्या एका मोठ्या रिसॉर्टवाल्याला आपले काम दाखवायचे होते. त्याची बरीच रिसॉर्ट होती. ते काम मिळाले तर तिचा धंदा उभा राहणार होता, नाही मिळाले तर परत हिंजवडी. जाताना देवाला आणि मला, दोघांना नमस्कार करून गेली. आम्हा दोघांपैकी एक तरी लायक होता.

भावकीतले सुतक, आणि संध्याकाळी मुंबईचे पाहुणे यायचे होते. ही म्हणाली, "अवो, सुतकात परक्याला जेवू घालायचं न्हाई. लावा की तशी पाटी त्या फोनात."

"सायलीला विचारतो."

"तिला कशाला? तिचं आज लय मोठं काम हाय."

खरेच होते. सुनेला त्रास नको म्हणून मी स्वतः बसलो. (माझ्या हातून झालेले बहुतेक अनर्थ असेच दुसऱ्याला त्रास नको म्हणून झाले आहेत.) जेवणाचे आणि खोल्यांचे दर बदलण्यापुरता तिने मला आत जायचा पासवर्ड दिला होता. सूचनेचा पट्टा सापडला. त्याचा रंग काळा केला आणि लिहिले: "घरात दुःखद निधन झाले आहे. सुतक असल्याने मुक्काम व जेवण मिळणार नाही. कृपया येऊ नये." पट्ट्यात फोटोला जागा होती. ती रिकामी बरी दिसेना. भावकीच्या ग्रुपवर तात्यांचा हार घातलेला फोटो आला होता, तो बसवला.

शेवटी एक चौकट आली. शुद्ध मराठीत, ठळक अक्षरात: "हा पट्टा जिथे जिथे वापरला आहे, त्या सर्व साइटवर बदल होईल. पुढे जायचे?"

माझी उभी नोकरी सिग्नलच्या केबिनमध्ये गेली. इथे खटका ओढला की पार तिकडे रूळ हलतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असेल? पण मी विचार केला मोदकाचा. साच्याला नवी पाकळी पाडली म्हणून डब्यात ठेवलेल्या मोदकांना ती येते का? नाही. झालेले मोदक झाले. बदल होईल तो पुढच्यांना. मी "हो" दाबले, तासभर भावकीला फोन केले आणि आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर कार्ल्याच्या रशीदभाईंचा फोन. त्यांचेही होमस्टे, साइट सायलीचीच. आवाज दबका.

"आबा, आमच्या साइटवर हे बुजुर्ग कोण आहेत?"

मी ओल्या अंगाने उभा. मला एकदम कळले की सायलीच्या साच्यातले मोदक वाढून झाले तरी साच्याला चिकटलेले असतात.

"तळेगावहून बहीण रडत आलीय," रशीदभाई पुढे म्हणाले. "तिला वाटलं, मीच गेलो. मी दार उघडलं तर अजूनच रडली. आणि आबा, आमच्यात सुतक नसतं हो."

त्यांचा फोन ठेवतो तोच भाज्याहून. तिथल्या बाईंकडे शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या, चूल पेटली नसेल म्हणून. मग लोणावळ्याहून एक बंगलेवाला. त्याच्याकडे नवविवाहितांसाठी खास सोय असते. गुलाबाच्या पाकळ्या टाकलेला पलंग, आणि त्याच्या वर दामूतात्या, हारासकट. आधीच येऊन पोचलेले एक जोडपे त्याला विचारत होते की हे याच खोलीत गेले का.

मला घाम फुटला तो या कोणासाठी नाही. सायली थोड्याच वेळात याच साइट त्या रिसॉर्टवाल्याला मोठ्या पडद्यावर दाखवणार होती. तिला फोन केला, तो बंद. म्हणजे ती आत गेली होती. मी पट्टा काढायला बसलो. बटणे बारीक होती. पट्टा जाईना, तात्या जाईनात. अक्षरे तेवढी बदलता येत होती. ती मी बदलली: "येथे कोणीही मेलेले नाही. निर्धास्त यावे."

चौकटीने पुन्हा विचारले, पुढे जायचे? या वेळी तर सगळीकडे जायलाच हवे होते. मी "हो" दाबले.

हिने डोकावून पाहिले. हार घातलेले तात्या, आणि खाली कोणीही मेलेले नाही. "आंबीवाल्यांनी बघितलं तर काय म्हणतील?" एवढेच ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

तेवढ्यात सायलीचा फोन. ती त्या माणसासमोरच बसलेली होती, हे तिच्या आवाजावरून कळत होते.

"आबा, पट्टा तुम्ही बदललात ना?"

"आपल्या घरापुरता, बाळ."

"असू दे. एकच सांगा. बदलताना चौकट आली होती का? सगळीकडे होईल, असं विचारणारी?"

एका शब्दाचे उत्तर होते. आली होती म्हटले असते, तर सासरा वेंधळा ठरला असता आणि तिचे काम चोख. मागे कोणाच्या तरी खाकरण्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांपुढे ती पंख्याखालची खुर्ची आली, पाट्या रंगवणे आले.

"नाही," मी म्हणालो. "काही विचारलं नाही."

ती "बरं" म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी समोरच्या माणसाला काय म्हणाली तेही मला ऐकू आले: "चूक माझी आहे."

रिसॉर्टवाला "कळवतो" म्हणाला. त्याने कळवले नाही.

संध्याकाळी ती स्कूटरवरून एकेका घरी माफी मागायला निघाली. रशीदभाई माझे जुने स्नेही म्हणून मीही मागे बसलो. ती ओट्यावर उभी राहून म्हणाली, "चाचा, विचारणारी चौकट आलीच नाही. माझ्या कामातच खोट राहिली." तिने पाणीही घेतले नाही. मी शेजारी बसून नानकटाई खात होतो. तोंड भरलेले असले की बोलावे लागत नाही.

पुढचे कित्येक दिवस ती नसलेली खोट शोधत बसली. जेवताना ताटात बघत विचार करी, मधेच उठून जाई. मी पलीकडून म्हणे, "सापडेल, सापडेल." मग एक दिवस तिने शोधणे थांबवले. मला नवा पासवर्ड दिला आणि म्हणाली, "आता यात काहीही बदला, आबा. अगदी बिनधास्त." तिचा माझ्यावरचा विश्वास पाहून मी आणखीच शरमलो.

तोंडाने माफी मागणे जमेना. किती वेळा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि ताक मागून परत आलो. यंदाच्या गणपतीत मात्र ती साचा पुसत बसलेली दिसली, आणि मी फोन उघडला. तोच पट्टा शोधला, तात्यांच्या फोटोसकट, त्यात लिहिले: "सायली, चौकट आली होती. मी खोटे बोललो. मला माफ कर. आबा." चौकटीने विचारले, सगळीकडे? मी म्हटले, होऊ दे. मावळात सगळ्यांना कळू दे. "हो" दाबले आणि तिची वाट बघत बसलो.

तिने चहा आणून दिला. साखर बरोबर आहे का, विचारले. दुसऱ्या दिवशीही तसाच. कोणाचा फोन नाही, रशीदभाईंचासुद्धा नाही. माझी खात्री पटली, सगळ्यांनी मोठ्या मनाने माफ केले. मग मी हिच्या फोनवर आमची साइट उघडली. पट्टा नव्हताच.

सायलीला सहज विचारल्यासारखे विचारले. ती मोदकाला नारळाचे सारण भरत होती.

"तुमचं ते सरावाचं आहे, आबा. तुम्ही केलेलं फक्त तुमच्याच फोनवर दिसतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासून," ती म्हणाली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहत राहिली. बराच वेळ.

बोलायची वेळ ती होती. दार सताड उघडे होते, आत फक्त शिरायचे होते.

मी ताक मागितले.

माझी माफी अजून तिथेच आहे, माझ्या फोनवर, काळ्या पट्ट्यात. फोटो मला तेव्हाही काढता आला नव्हता, आताही येत नाही. त्यामुळे आजवर ती दोघांनीच वाचली आहे, मी आणि दामूतात्या. आणि तात्या हारातून माझ्याकडे असे बघतात, की यापेक्षा सून परवडली.