भोंग्याची तीन मिनिटं

बत्तीस वर्षं बॉयलरपाशी काढलेल्या माणसाचा आवाज हळू कसा असेल? धुलाई कारखान्यातल्या बॉयलरवाल्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत, तोंडावरसुद्धा. इस्पितळांच्या चादरी धुणारी यंत्रं त्याच्याच वाफेवर चालत आणि त्या घरघरीत बोलायचं तर ओरडावंच लागे. तिथला एक रिवाज होता. भोंग्याने हाळी दिली आणि कुणी ‘थांब’ म्हटलं नाही, की ते सगळ्यांना मान्य.

या रिवाजानेच त्याचा घात केला.

दाब वाढला की जादा वाफ आपोआप सोडायची, एवढंच सेफ्टी व्हॉल्व्हचं काम. पण हल्ली काटा लाल रेघ ओलांडून गेला तरी तो उघडायला वेळ लावी. भोंगा वाफ कमी ठेवून कसाबसा गाडा हाकत होता. व्हॉल्व्ह बदलायला बॉयलर दोन दिवस बंद हवा, आणि ती परवानगी मिळणार मुख्य कार्यालयाच्या मंगळवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये.

पहिल्या मंगळवारी त्याने बॉयलरशेजारीच, तेलाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि सात मिनिटं जीव तोडून सांगितलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मान्य झालं असं धरून त्याने दारावर पाटी लावली, ‘उद्यापासून बंद’. तासाभरात मॅनेजर धावत आले.

“कोणी सांगितलं बंद?”

“मीटिंगमध्ये बोललो ना साहेब! कुणीच नाही म्हटलं नाही.”

“अहो, तुमचा आवाज आलाच कुठे? गोंगाटाने कान किटले, म्हणून मीटिंग चालवणाऱ्या बाईंनी पहिल्याच मिनिटाला तुमचा माइक बंद केला. आम्हाला दिसली ती तुमची हनुवटी आणि छत!”

तो पाटी काढत होता तेव्हा इस्त्रीवरच्या बायका पदराआड हसल्या. भोंगा हसला नाही. त्या बॉयलरपासून पंधरा पावलांवर याच बायका दिवसभर उभ्या असत. पुढच्या मंगळवारी ऐकवल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्याने तिथेच ठरवलं.

त्याची लेक शिक्षिका, मोबाइलवरून वर्ग घेऊन मुरलेली. तिने बापाला समोर बसवलं.

“बाबा, यंत्रांपासून लांब बसायचं. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर. बोलायचं असेल तर हाताचं बटण दाबायचं आणि नाव घेतल्यावरच माइक उघडायचा.”

“या वयात मी हात वर करू?”

“माझी आठ वर्षांची पोरं करतात.”

आतून बायकोने आवाज दिला, “हळू बोलायलाही शिकव गं. ते जमलं तर मीही मीटिंगला बसते!”

आठवडाभर रोज तालीम झाली. बॉयलर आणला त्या दिवसाची हकीकत त्याच्या फार आवडीची. लेकीने ती निर्दयपणे छाटली. सात मिनिटांची तीन झाली.

मंगळवारी तो पाच मिनिटं आधीच कापडांच्या कोठीत जाऊन बसला. दार लावलेलं, मोबाइल टॉवेलांच्या गठ्ठ्यावर. बटणातल्या हातावर भरवसा नव्हता, म्हणून त्याने स्वतःचाही हात वर धरला. वीस मिनिटांत खांदा भरून आला, पण हात खाली आला नाही.

“बॉयलरवाले काका, बोला,” अखेर बाई म्हणाल्या.

दोन वाक्यं झाली नाहीत, तोच विक्रीप्रमुख मध्ये घुसले, “दोन दिवस बंद? गिऱ्हाइकांना काय सांगू?” त्यांच्या मागे कुत्रा भुंकत होता. भोंग्याच्या गळ्यापर्यंत आरोळी आली. ती त्याने गिळली, तोंड मिटलं आणि हात पुन्हा वर केला.

“साहेब, तुमचा माइक बंद करा,” बाई म्हणाल्या. “काका, पुढे.”

त्याने लाल रेघेपलीकडे गेलेल्या काट्याचा फोटो पडद्यासमोर धरला. “व्हॉल्व्ह उघडला तो यानंतर. एखाद्या दिवशी उघडणार नाही. पंधरा पावलांवर नऊ बाया काम करतात.”

सगळे गप्प झाले. आता तो या गप्प बसण्याला फसणार नव्हता.

“बाई, मान्य आहे का? तोंडाने सांगा. मी लिहून घेतो.”

“मान्य आहे. आजच बंद करा.”

त्याने ते लिहिलं, आभार मानले, माइक बंद केला, मोबाइल खिशात टाकला आणि कोठीचं दार उघडलं. आठवडाभर दाबून ठेवलेला आवाज मग साऱ्या कारखान्यात घुमला,

“बंद करा रे सगळं!”